ग्लुटेन-फ्री पीठ: पाकिटातलं घ्यावं की घरघंटी आणावी?

घरात सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराचं, मूल आहे, गहू बंद झालाय, सगळा भार भाकरीवर आलाय आणि पीठ कुठून आणायचं यावर अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. माझी लेक सात वर्षांची आहे. निदान चौथ्या वर्षी झालं. पहिलं दीड वर्ष आम्ही पाकिटातलं पीठ वापरलं, तेव्हापासून आजवर घरघंटी.

कोपऱ्यावरची गिरणी मी यात धरतच नाही. ‘आधी किलोभर तांदूळ काढतो, मग तुमची ज्वारी टाकतो,’ असं गिरणीवाले काका मनापासून म्हणायचे. पण पीठ पडतं ती कापडी नळी गव्हानेच माखलेली असते, ती कोण धुणार?

पाकिटाचा आधार मोठा असतो, हे आधी सांगतो. वर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. निदान नुकतंच झालंय, हिंगातसुद्धा मैदा असतो हे कळून हातपाय गळालेत, अशा दिवसांत त्या छापलेल्या दोन शब्दांनी फार धीर येतो. नव्या पालकांना पहिले काही महिने मी आजही पाकीटच सुचवतो.

माझं बिनसलं ते विरीवरून, म्हणजे पिठाच्या चिकटपणावरून. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, आणि पाकीट दळून आपल्या हातात येईपर्यंत किती दिवस गेलेले असतात ते तारीख पाहिली की कळतं. आम्ही उकळतं पाणी घातलं, उकड काढली, तांदळाचं पीठ मिसळून पाहिलं. तरी थापताना कडा चिरायच्याच. कशीबशी तव्यावर गेली तरी अकराच्या सुट्टीपर्यंत डब्यात तिचे तुकडे झालेले असायचे. लेक डबा तसाच परत आणायची. ‘बाबा, गिळतच नाही ती.’ जिची पोळी आधीच सुटली, तिला भाकरीही नकोशी झाली तर तिने खायचं काय? वजन वाढायला हवं म्हणून आम्ही धडपडत होतो आणि रोज तो भरलेला डबा घरी यायचा. बाजरीच्या पिठाचं तर विचारू नका, ते कडूच लागायचं.

आता दर चार दिवसांनी दीड किलो मालदांडी ज्वारी दळतो. भाकरी फुगते, पापुद्रा सुटतो, दुपारी डब्यात मऊ असते.

मात्र घरघंटीत खरं काम दळण्याचं नाही, निवडण्याचं आहे. दुकानात ज्वारीचं पोतं गव्हाच्या शेजारीच असतं. गेल्या महिन्यात स्टीलच्या परातीत पसरून बोटाने ओळी ओढत निवडताना एका किलोत गव्हाचे सहा दाणे सापडले. गव्हाचा दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन अंदाजे 4 मिलिग्रॅम. म्हणजे ते सहा दाणे तसेच दळले असते तर 20 मिलिग्रॅमची मर्यादा तिथेच ओलांडली असती. म्हणून मी निवडतो, मग बायको पुन्हा एकदा निवडते.

यंत्र नवंच घ्या. वापरलेलं स्वस्तात मिळालं तरी नको, त्यात कुणाचा तरी गहू दळलेला असणारच. वहिनींनी एकदा ‘एवढे दोन किलो गहू दळून घेऊ का’ विचारलं, तेव्हा नाही म्हणताना जड गेलं, पण म्हटलं.

लेकीचं टीटीजी, म्हणजे सिलिअ‍ॅकसाठी रक्तात तपासतात ते प्रमाण, पाकिटाच्या काळातच उतरायला लागलं होतं, घरघंटी आल्यावर ते पुन्हा चढलं नाही. त्यामुळे सुरक्षिततेत कोण सरस, हे माझ्या अनुभवावरून सांगता येणार नाही. निवडायला घरात कुणालाच वेळ नसेल तर पाकीटच बरं, फक्त दळल्याची तारीख ताजी बघून घ्या. आम्हीही गावाला जाताना एक बंद पाकीट सोबत नेतो. पण आठवड्यातले दोन तास काढता येत असतील, तर मला विचाराल तर घरघंटी आणा. परवा लेकीने डब्यात दोन भाकऱ्या मागितल्या, एक तिची आणि एक मैत्रिणीसाठी.