कॅम्परव्हॅनने कच्छचे छोटे रण: शंभर लिटरच्या टाकीवर पाच दिवस

जानेवारीत आम्ही छत्रपती संभाजीनगरमधील एका संस्थेकडून पाच दिवसांसाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली आणि कच्छच्या छोट्या रणातली रानगाढवे पाहून आलो. मी, नवरा, अकरावीतला मुलगा, आई आणि संस्थेने दिलेला चालक असे पाच जण होतो. आईचे वय 71 आहे, गुडघे दुखतात, तिला खाली बसता येत नाही. वाटेत शौचालय मिळेल की नाही या धास्तीने तिने गेली सहा-सात वर्षे लांबचा प्रवासच टाळला होता. गाडीत कमोड आहे एवढ्या एका गोष्टीवर ती यायला तयार झाली. पुढे मी या गाडीचे बरेच दोष लिहिणार आहे, पण हा गुण त्या सगळ्यांच्या वरचा धरावा.

टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या या गाडीत मागे दोघांचा पलंग, मधे रात्री उघडून झोपता येतील अशी दोन बाके, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रिज, शौचालयातच शॉवर आणि बाहेरच्या अंगाला ओढून उघडायचे कापडी छत आहे. भाडे दिवसाला 11,000 रुपये, दिवसाला 250 किलोमीटरांची मर्यादा, त्यापुढे किलोमीटरमागे 22 रुपये, आणि डिझेल आपले. आमचे जाऊन-येऊन 1,580 किलोमीटर झाले, म्हणजे वरच्या 330 किलोमीटरांचे 7,260 रुपये वेगळे मोजावे लागले. बुकिंग करताना हा हिशेब कोणी करून देत नाही, तो नकाशा समोर ठेवून आपणच करावा. रस्ता कन्नड, चाळीसगाव, धुळे, नवापूर, सुरत, वडोदरा, अहमदाबाद आणि विरमगाम असा आहे. कन्नडचा घाट उतरताना ओट्यावरच्या कपाटाची खिटी सुटून सगळे डबे खाली आले. तेवढे सोडले तर गाडी रस्त्यावर चांगली चालली आणि चालकाचा हात अतिशय शांत होता.

पाण्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. टाकी शंभर लिटरची आहे आणि ती 'दोन दिवस आरामात पुरते' असे आम्हाला सांगण्यात आले होते. पहिल्या रात्री भरूचच्या पुढे एका पेट्रोल पंपावर मुक्काम केला, मुलाने घरच्यासारखी अंघोळ केली, आणि सकाळी भांडी घासायला घेतली तेव्हा नळ फुसफुसू लागला. काटा अजून अर्धी टाकी दाखवत होता. तिथून पुढे पाण्याचा कारभार आईने हाती घेतला. तिचे माहेर औसा तालुक्यातले. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हाचा उन्हाळा तिने तिथेच काढला होता, आणि आमच्या शहरातही नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्यामुळे तिला काही शिकवावे लागले नाही. तिने पंपाचे बटण बंद केले, घरून आणलेली कळशी टाकीच्या खालच्या तोटीला लावली आणि दिवसाला दोन कळश्या ठरवून दिल्या. ताटे आधी कागदाने पुसायची, मग तांब्याभर पाण्यात विसळायची. अंघोळीऐवजी ओल्या पंच्याने अंग पुसायचे. पिण्याचे पाणी वेगळ्या जारमधले. वाटेत भरून घेतलेली टाकी मग परतीच्या दिवसापर्यंत पुरली.

वापरलेल्या पाण्याचे काय करायचे, हा मला या गाडीतला सर्वांत गंभीर दोष वाटतो. बेसिन आणि शॉवरचे सांडपाणी साठवायला टाकीच दिलेली नाही. गाडीखालची नळी सरळ जमिनीवर उघडते. फोन करून विचारले तर 'मोकळ्या जागेत सोडून द्या' असे उत्तर मिळाले. ज्या ठिकाणी पाण्याच्या लहानशा डबक्यावरही पक्षी आणि जनावरे अवलंबून असतात, तिथे साबणाचे पाणी सोडणे मला मान्य नाही. आम्ही नळीखाली बादली ठेवून ते गोळा केले आणि गावातल्या मोरीत ओतले. शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, वीस लिटरची आहे. पाच माणसांत ती रोज रिकामी करावी लागते आणि ती सोय असलेला मुक्काम आधीच शोधून ठेवावा लागतो.

विजेचे गणित सोपे आहे. बॅटरी 12 व्होल्ट आणि 200 अँपिअर-तासांची आहे, म्हणजे पूर्ण भरली तरी सुमारे 2.4 युनिट वीज. फ्रिज, दिवे, पंप आणि मोबाइल यांना ती रात्रभर पुरते, पण वातानुकूलन लावले की दोन-अडीच तासांत संपते. त्यासाठी जनरेटर दिलेला आहे, आणि त्याचा आवाज एवढा आहे की तो चालू असताना पाखरूही जवळ येणार नाही. जानेवारीत रणातली रात्र चांगलीच गार असल्यामुळे आम्हाला त्याची गरज पडली नाही.

आता रणाकडे वळते. छोटे रण हे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नव्हे. पावसाळ्यात नद्यांचे गोडे आणि खाडीचे खारे पाणी इथे पसरते, ते आटले की भेगाळलेल्या चिखलाचे सपाट मैदान उरते, आणि मधूनमधून थोडे उंचवटे दिसतात, ज्यांना तिथे बेट म्हणतात. वरचा पापुद्रा कडक दिसतो, पण खाली ओल असते. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, गाळपेरात (पाणी ओसरल्यावर गाळावर केलेल्या शेतीत) कधी ट्रॅक्टर रुतलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. कॅम्परव्हॅन आत नेण्याचा मोह कोणीही करू नये. बजाणा किंवा ध्रांगध्राच्या बाजूने वनखात्याचा परवाना काढून स्थानिक जीप आणि वाटाड्या घ्यावा. रात्रीही गाडी अभयारण्याबाहेरच लावावी. आम्ही बजाण्याजवळ एका शेतकऱ्याच्या परवानगीने जिऱ्याच्या शेताच्या बांधाला लावली होती.

हे अभयारण्य सुमारे 4,954 चौरस किलोमीटरांचे आहे आणि भारतीय रानगाढवाचे, म्हणजे तिथल्या भाषेत घुडखराचे, जगातले हे शेवटचे मोठे आश्रयस्थान आहे. 1960 च्या दशकात सर्रा आणि आफ्रिकन हॉर्स सिकनेस या रोगांनी त्यांची संख्या काही शेकड्यांवर आणली होती; 2020 च्या गणनेत ती 6,082 आणि 2024 च्या गणनेत 7,672 भरली. जीपमधून पहिला कळप दिसला तेव्हा वाटाड्याने लांबच इंजिन बंद केले. सात-आठ माद्या आणि एक शिंगरू होते. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरे, आयाळ ब्रशासारखी ताठ, आणि कान सतत आमच्या दिशेने वळलेले. एक मादी जमिनीवर लोळली, उठली, अंग झटकले, आणि खाऱ्या मातीचा तो भुरका बराच वेळ उन्हात तरंगत राहिला. शेवटच्या वळणावर बिळाच्या तोंडाशी बसलेले खोकडही दिसले. पाणथळ भागात रोहित पक्षी आणि कांड्या करकोचे मोठ्या संख्येने होते. रोहित आम्ही जायकवाडीलाही पाहतो, पण करकोच्यांचा एवढा मोठा थवा उठताना होणारा आवाज मी प्रथमच ऐकला.

तरीही या सहलीतले सर्वांत चांगले दर्शन जीपमधून नव्हे, तर आमच्या गाडीतून झाले. दुसऱ्या पहाटे साडेपाचच्या सुमारास शेताकडून बॅटरीचा उजेड फिरताना दिसला आणि कोणीतरी डबा बडवत असल्याचा आवाज आला. आई उठून बसली आणि म्हणाली, "रोही शिरले वाटतं पिकात." आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाई, हरभरा-तूर खातात, तशी इथे रानगाढवे रात्री रणातून येऊन जिरे आणि कपाशी खातात, हे वाटाड्याने आदल्या दिवशी सांगितले होते. मागचे दार हळूच उघडले, दिवे लावले नाहीत. उजाडू लागले तशी चार रानगाढवे बांधाच्या कडेने, वेड्या बाभळींच्या आडून, रणाकडे परत निघालेली दिसली. ती आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवरून गेली. आईने पलंगावर गोधडी पांघरून ते पाहिले. हॉटेलात मुक्काम केला असता तर त्या वेळी आम्ही जीपची वाट पाहत उभे असतो. मात्र गाडीच्या बाजूच्या काचा पक्क्या बसवलेल्या आहेत, त्या उघडत नाहीत. दुर्बिणीने पाहायचे तर मागचे दार हाच एक मार्ग आहे, आणि त्याला जाळी नसल्यामुळे धूळ आणि डास दोन्ही आत येतात.

परतण्याच्या दिवशी वाटाड्या आम्हाला एका अगरिया कुटुंबाच्या मिठागरावर घेऊन गेला. पावसाळा संपला की ही माणसे कुटुंबासह रणात येतात आणि उन्हाळा सरेपर्यंत तिथेच राहतात. जमिनीखालचे खारे पाणी पंपाने उपसून वाफ्यांत साठवतात आणि त्यातून मोठ्या खड्यांचे मीठ तयार करतात. पूर्वी डिझेलवर चालणारे पंप आता बऱ्याच ठिकाणी सौरऊर्जेवर चालतात. पिण्याचे पाणी टँकरने येते. झोपडीशेजारी निळे पिंप होते, त्यावर फळी आणि फळीवर दगड ठेवला होता. घरातल्या बाईने आईला 'बा' (गुजरातीत आई) म्हणून आत बोलावले, तांब्या पुढे केला, आणि आईने त्यातले दोनच घोट घेऊन तांब्या परत दिला. टँकर किती दिवसांनी येतो हे तिने मराठीत विचारले, त्या बाईने गुजरातीत बोटे दाखवून सांगितले, आणि दोघींना एकमेकींचे समजले. निघताना आईच्या सांगण्यावरून आम्ही आमच्याकडचे शिल्लक राहिलेले दोन भरलेले जार तिथे ठेवून आलो.

गाडी परत करताना मी सदोष काटा, सांडपाण्याची उघडी नळी, कपाटाची खिटी आणि दाराची जाळी या चार गोष्टी लेखी दिल्या. खिटी त्यांनी माझ्यासमोर बसवली. सांडपाण्याची टाकी बसवू असे तोंडी सांगितले. अभयारण्य जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते आणि पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे, म्हणून आम्ही पुढच्या डिसेंबरची चौकशी करून ठेवली आहे. आगाऊ रक्कम मात्र ती टाकी बसलेली पाहिल्यावरच भरणार आहे.