मार्मेलादा म्हणजे मार्मलेड नाही, तरी घ्याच

लिस्बनला सुपरमार्केटमध्ये मार्मेलादा लिहिलेला डबा दिसला आणि मी संत्र्याचं मार्मलेड समजून उचलला, सकाळी ब्रेडला लावायला उघडला तर आत घट्ट लालसर वडी, चमचा घातला तर उभाच राहिला. वाटलं माल जुना असणार. परत घेऊन गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या ही अशीच असते, सुरीने कापायची आणि चीजबरोबर खायची.

तसं खाल्लं आणि काय सांगू, खारट चीजचा तुकडा, त्यावर मार्मेलादाचा पातळ काप, आधी गोड लागतं, मग मागून हलकी आंबट-तुरट चव येते. दोन दिवसांत अर्धा डबा संपला.

पोर्तुगीजमध्ये मार्मेलो म्हणजे क्विन्स, सफरचंदाच्या जातकुळीतलं फळ, कच्चं असताना इतकं कडक आणि तुरट की चाववत नाही, पण साखर घालून आटवलं की लाल होतं आणि त्यातच पेक्टिन भरपूर असल्यामुळे आपोआप वडी पडते. म्हणजे नाव मुळात हिचंच! इंग्रजांनी शब्द इथूनच घेतला, त्यांचं मार्मलेडही आधी क्विन्सचंच असायचं, संत्र्याचं नंतर आलं. स्कॉटलंडची राणी मेरी आजारी होती म्हणून 'मारी मालाद'वरून (फ्रेंचमध्ये 'आजारी मेरी') नाव पडलं ही गोष्ट फिरते ना, ती साफ खोटी, मेरी जन्मली 1542 ला आणि शब्द इंग्रजीत त्याआधीच आलेला होता.

शेजारी स्पेनमध्ये गेलात तर मेर्मेलादा म्हणजे कुठल्याही फळाचा साधा जॅम, ही वडी हवी असेल तर मेम्ब्रियो मागा, नाहीतर माझ्यासारखंच होईल, फक्त उलटं. जर्मन लोक बोलताना सगळ्याच जॅमला मार्मेलाड म्हणतात पण स्ट्रॉबेरीच्या बरणीवर छापलेलं असतं कोन्फिट्यूर, कारण 2001 च्या युरोपियन युनियनच्या नियमात मार्मलेड हे नाव संत्रं-लिंबू वगैरेंसाठीच ठेवलं होतं.

माझे चार स्टार. एक कापला कारण साखर जरा जास्त आहे, आणि डब्यावर फळाचं साधं चित्रसुद्धा नाही, बाहेरून आलेल्या माणसाला कळणार कसं? उघडल्यावर नीट झाकून ठेवा, कडा सुकतात.

लिस्बनजवळच्या ओदिव्हेलासची पांढरी मार्मेलादा प्रसिद्ध आहे, जुन्या मठातल्या नन्स करायच्या ती, तेवढी खायची राहिलीय.