सरफेस प्लॉट कशात काढावा: एक्सेल, ग्नूप्लॉट की पायथन?

शीटमध्ये आकडे तयार आहेत, त्यांचा त्रिमितीय पृष्ठभाग काढायचा आहे, पण कशात काढावा हे ठरत नाहीये. अशा वेळी बहुतेक जण आधी साधन निवडतात आणि मग आकडे त्यात कोंबत बसतात. माझं सांगणं असं, की आधी शीट नीट बघा. वरच्या ओळीत एका राशीच्या किमती, डाव्या रकान्यात दुसरीच्या आणि मधल्या प्रत्येक सेलमध्ये मोजलेला आकडा, अशी जाळी आहे का? की एक्स, वाय, झेड असे तीन रकाने नुसते खाली खाली उतरत गेलेत? निम्मा निर्णय इथेच होतो.

जाळी असेल तर एक्सेलइतकं झटपट काहीच नाही. डावीकडचा वरचा कोपरा रिकामा ठेवा, नाहीतर मथळ्यातले आकडेही मोजमाप समजून काढले जातात. मग सगळं निवडा आणि इन्सर्टमधून सरफेस चार्ट घ्या. सेलमधला आकडा बदलला की चित्रही बदलतं, आणि ज्याला फाईल पाठवाल त्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. तीन रकाने असतील तर पिव्हट टेबलने (रकान्यांची उभी-आडवी मांडणी करून देणारी एक्सेलची सोय) जाळी करून घेता येते. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये मात्र सरफेस हा चार्टचा प्रकारच नाही.

एक्सेलची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती चित्र बघून लक्षातही येत नाही. सरफेस चार्टचे दोन्ही आडवे अक्ष तिथे आकड्यांचे नसतात, नावांचे असतात. समजा, मोटरची कार्यक्षमता मिनिटाला 500, 1000, 2000 आणि 4000 फेऱ्यांना मोजली आणि एका भाराला ती 62, 74, 80 आणि 84 टक्के आली. एक्सेल हे चारही वेग सारख्याच अंतरावर मांडतं. त्यामुळे पहिला चढ शेवटच्या चढाच्या तिप्पट दिसतो: 12 विरुद्ध 4. खरं तर पहिले 12 टक्के 500 फेऱ्यांत वाढलेत आणि शेवटचे 4 टक्के 2000 फेऱ्यांत, म्हणजे पहिला चढ बारापट तीव्र आहे. चित्र देखणं येतं, पण उताराबद्दल ते चुकीचं सांगतं. तुमच्या नोंदी समान टप्प्यांच्या असतील तर बिनधास्त एक्सेल वापरा. नसतील तर हा चार्ट अहवालात घालू नका, इतकं मी ठामपणे म्हणेन. शिवाय रिकामा सेल तिथे शून्य धरला जातो आणि भर पृष्ठभागात खड्डा पडतो. रंगांचे पट्टेसुद्धा उभ्या अक्षाच्या मुख्य टप्प्यावर ठरतात. पट्टे बारीक हवे असतील तर तो टप्पा कमी करा.

ग्नूप्लॉट हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर 1986 पासूनचं आहे, फुकट आहे आणि लहानशा स्क्रिप्टवर चालतं. शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी फाईल) म्हणून साठवायची, विभाजक म्हणून स्वल्पविराम सांगायचा आणि एसप्लॉट ही त्रिमितीय आलेखाची आज्ञा द्यायची. अक्ष खरे आकड्यांचे असतात. तोच आलेख दर महिन्याला नव्या आकड्यांवर, छपाईसाठी काढायचा असेल तर मी हेच घेईन. विखुरलेल्या, म्हणजे नियमित जाळीत न बसणाऱ्या नोंदींसाठी त्यात जाळी भरून देणारं डीग्रिड३डी आहे, पण ते जपून वापरा. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक ठिकाणी सगळ्याच नोंदींची अंतरानुसार भारित सरासरी घेतली जाते, त्यामुळे शिखरं बसकी होतात. त्या भारातला अंतराचा घातांक 1 वरून 4 किंवा 8 केला की जवळच्या नोंदींना योग्य वजन मिळतं.

पायथनमध्ये सुरुवातीला कष्ट जास्त, पण विखुरलेल्या नोंदींसाठी सगळ्यात मोकळा हात तिथेच मिळतो. पांडाज, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब या पायथनच्या तयार लायब्ररी आहेत: पांडाजने शीट वाचा, सायपायच्या ग्रिडडेटाने जाळी भरा आणि मॅटप्लॉटलिबने काढा. ग्रिडडेटाची रेषीय पद्धत नोंदींच्या बाहेरच्या कडेपलीकडे काहीच भरत नाही, जागा कोरी सोडते. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. जिथे मोजलंच नाही तिथे पृष्ठभाग दिसायचं कारण नाही. जाळी करायचीच नसेल तर मॅटप्लॉटलिबचं प्लॉट ट्रायसर्फ थेट बिंदूंचे त्रिकोण जोडतं. एक खाचखळगा मात्र आधीच माहीत हवा. मॅटप्लॉटलिबचं प्लॉट सरफेस मुळात प्रत्येक दिशेने जास्तीत जास्त 50 ओळीच घेतं. 200 बाय 200 ची जाळी दिली तर दर चौथी ओळ काढली जाते, आणि एकाच सेलमधलं टोकदार शिखर सहज गायब होऊ शकतं. ही मर्यादा ठरवणारे आर-काउंट (ओळी) आणि सी-काउंट (रकाने) स्वतः वाढवा.

वाचणाऱ्याला आलेख माउसने फिरवून बघायचा असेल तर पायथनचीच प्लॉटली ही लायब्ररी घ्या. एचटीएमएल फाईल तयार होते, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते आणि बिंदूवर नेमका आकडाही दाखवते. कागदावर जाणाऱ्या चित्राला ही सोय नाही. तिथे शिखराआडची दरी कायमची लपते, म्हणून छापील पानावर मी पृष्ठभागाशेजारी समोच्च रेषांचा (सारख्या किमतीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचा) नकाशाही देते.

साधन कुठलंही घ्या, नोंदी विखुरलेल्या असतील तर मूळ बिंदू त्याच चित्रात पृष्ठभागावर ठळक ठिपक्यांनी काढा. मोजलेलं कुठे संपतं आणि अंदाजाने भरलेलं कुठे सुरू होतं, ते बघणाऱ्याला विचारावं लागत नाही.