स्टिरिओ की डॉल्बी ॲटमॉस? गाणी स्ट्रीम करताना कुठलं व्हर्जन लावायचं

हेडफोनवर ऐकणार असाल तर स्टिरिओच ठेवा आणि ॲटमॉस (आवाज चारी बाजूंनी आणि वरूनही यावा अशी डॉल्बीची पद्धत) एखाद्या अल्बमपुरतं लावून बघा. घरात मागे स्पीकर असलेली खरी सिस्टिम असेल तर मात्र आधी ॲटमॉस लावा. माझं मत हे असं आहे, आता का ते सांगतो, कारण ॲपल म्युझिकने जून 2021 मध्ये ॲटमॉस आणि लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळता साठवलेलं) दोन्ही जादा पैसे न घेता देऊन टाकलं तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतं की ॲटमॉस म्हणजे तेच गाणं पण वरच्या क्वालिटीचं. तसं अजिबात नाहीये.

ते वेगळं मिक्स असतं, म्हणजे गाण्यातले आवाज नव्याने जुळवलेले असतात. स्टिरिओत इंजिनिअरने सगळी वाद्यं दोन चॅनेलमध्ये बसवलेली असतात, गाणं कसं वाजणार ते तिथेच ठरलेलं असतं. ॲटमॉसमध्ये आवाजांना जागा दिलेली असते, हा डाव्या बाजूला मागे, हा डोक्यावर, आणि तुमच्याकडे दोन स्पीकर आहेत की बारा ते बघून तुमचं मशीन ऐनवेळी वाटणी करतं. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम घ्या. 1973 चं स्टिरिओ, त्याच काळात इंजिनिअर ॲलन पार्सन्सने केलेलं चार चॅनेलचं क्वाड, 2003 चं इंजिनिअर जेम्स गथ्रीचं 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आणि 2023 मध्ये त्यानेच केलेलं ॲटमॉस, एकाच रेकॉर्डिंगची इतकी मिक्सेस. 'टाइम'च्या सुरुवातीची घड्याळं पार्सन्सने मुळात क्वाडच्या डेमोसाठीच रेकॉर्ड केली होती, त्यामुळे ती चारी बाजूंनी वाजली की वाटतं हे असंच ऐकायचं होतं. पण प्रत्येक गाण्याची गोष्ट अशी नसते. नुसत्या कॅटलॉगमध्ये ॲटमॉसचा शिक्का हवा म्हणून घाईघाईत केलेली मिक्सेसही भरपूर आहेत, ती लगेच ओळखू येतात, गायकाचा आवाज बारीक होऊन मागे जातो, कोरस आणि कीबोर्ड उगाच कानामागे फिरत राहतात आणि ड्रमचा ठोका छातीत बसत नाही.

तुलना करताना सगळ्यात जास्त फसवणूक होते ती व्हॉल्यूममध्ये. ॲटमॉस मिक्स देताना सरासरी लाउडनेस -18 एलयूएफएसच्या (हे लाउडनेसचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) वर जाऊन चालत नाही, आणि आजकालची पॉपची स्टिरिओ मास्टर्स (अंतिम तयार रेकॉर्डिंग) बऱ्याचदा -8, -9 च्या आसपास असतात. म्हणजे बटण न हलवता अदलाबदल केली तर स्टिरिओ दणदणीत आणि ॲटमॉस मेलेलं वाटणारच, कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. म्हणून आधी गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा आणि मगच मत बनवा. आणि गंमत बघा, याच मर्यादेमुळे ॲटमॉसमध्ये लिमिटरने (आवाजाची उंच टोकं दाबणाऱ्या साधनाने) सगळं चेपून टाकायची गरज राहत नाही, हळू जागा हळू राहतात, तबल्याची थाप किंवा स्नेअर ड्रम मोकळा सुटतो. कित्येकदा ॲटमॉस आवडलं म्हणतो तेव्हा आपल्याला आवडलेलं असतं ते हे मोकळेपण, आजूबाजूचा आवाज नव्हे.

बिटरेटचं, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो त्याचं, थोडक्यात. ॲपलचं ॲटमॉस 768 केबीपीएसचं, लॉसी, म्हणजे काही माहिती गाळलेलं. लॉसलेस स्टिरिओ सीडी दर्जापासून 24 बिट 192 किलोहर्ट्झपर्यंत. कागदावर स्टिरिओ सरळ जिंकतं, पण ब्लूटूथ इअरबड्सवर ते लॉसलेस तसंही पूर्ण पोचत नाही आणि मिक्समधला फरक बिटरेटच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो, तर यावरून भांडू नका.

हेडफोनवर खरी अडचण येते. दोनच स्पीकर कानाला चिकटलेले, मग फोन हिशोब करून कानांना भास देतो की आवाज मागून आला. तो हिशोब सरासरी डोकं आणि सरासरी कान धरून केलेला असतो. ज्याचे कान त्या मापात बसतात त्याला आवाज खरंच डोक्याबाहेर ऐकू येतो, बाकीच्यांना गायक न्हाणीघरात गातोय असं वाटतं. आयफोनवर 2022 पासून कानांचं स्कॅन करून पर्सनलाइज करता येतं, ते नक्की करून बघा, काहींना त्याने बराच फरक पडतो. लाइव्ह मैफल, कॉयर, मोठा ऑर्केस्ट्रा हेडफोनवरही ॲटमॉसमध्ये छान उघडतं. रॉक, हिप हॉप, ज्यात ठोका महत्त्वाचा, तिथे मी स्टिरिओच लावतो.

अजून एक, आयफोनच्या कंट्रोल सेंटरमध्ये 'स्पॅशलाइझ स्टिरिओ' दिसलं तर ते ॲटमॉस नव्हे, साध्या स्टिरिओला फोनने दिलेला पसारा आहे. ते ऐकून ॲटमॉसला नावं ठेवू नका, बंद करा.

स्पीकरवर चित्र पालटतं, कारण तिथे भास नाही, मागचा स्पीकर खरंच मागे असतो. साध्या 5.1 वरसुद्धा चांगलं ॲटमॉस मिक्स स्टिरिओपेक्षा मोकळं वाटतं, आणि कोचावर कडेला बसलेल्यालाही गायक बऱ्याचदा मधोमधूनच ऐकू येतो. साउंडबारचं मात्र हॉल बघून ठरवा. वर फेकणारे स्पीकर छतावरून आवाज परतवतात, सपाट स्लॅबला ते जमतं, पीओपीच्या खाचाखोचा असलेल्या सीलिंगला नीट जमत नाही. आणि एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं किचन किंवा गॅलरी असेल, जे आपल्या फ्लॅटमध्ये हमखास असतं, तर बाजूचा आवाज एकीकडूनच येतो. अशा हॉलमध्ये त्याच पैशात दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर आणि स्टिरिओ, संगीतासाठी मी डोळे झाकून हेच सांगेन. पिक्चर जास्त बघत असाल तर वेगळा विचार करा.

आता आपली गाणी. जुनी भावगीतं, नाट्यपदं 78 आरपीएमच्या तबकड्यांवरची, म्हणजे मोनो. वेगळे ट्रॅकच नाहीत, तर पसरवायचं काय? कुणी सॉफ्टवेअरने वाद्यं सोडवून सराउंड केलंच तर आवाजाच्या कडा खरवडल्यासारख्या होतात, ती आहेत तशीच ऐकावीत. ख्यालाला तानपुरे, तबला, पेटी आणि गळा, चांगलं स्टिरिओ पुरून उरतं. पण अजय-अतुलनी 'सैराट'साठी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्डिंग केलं, तसं मोठं काम असेल, व्हायोलिन्स वेगळी, ब्रास वेगळं, खोलीचा आवाज वेगळा टिपलेला, तर ॲटमॉसला खरं खाद्य मिळतं.

स्पॉटिफायवाल्यांना ही निवडच नाही, तिथे स्टिरिओच आहे. हेडफोनवर ऐकणाऱ्या ॲपलवाल्यांनी म्युझिकच्या सेटिंगमध्ये डॉल्बी ॲटमॉस 'ऑफ' ठेवावं, नाहीतर ते 'ऑटोमॅटिक'वर असताना ॲटमॉसला चालणारा हेडफोन लावला की फोन आपोआप ॲटमॉस मिक्स उचलतो आणि ओळखीचं गाणं अचानक वेगळं का वाजतंय ते कळत नाही. पाठ असलेलं एक गाणं घ्या, एकदा ऑफ, एकदा ऑन, व्हॉल्यूम जुळवून, आणि फक्त गायकाच्या आवाजाकडे आणि ठोक्याकडे लक्ष ठेवा. ते दोन्ही टिकलं तर तो अल्बम बिनधास्त ॲटमॉसमध्ये ऐका.