पहिल्या पानाचा हेडर आणि मार्जिन: वर्ड की रायटर?

पहिल्या पानावर लेटरहेड आणि पुढच्या पानांवर फक्त विषय व पान क्रमांक, एवढंच हवं असेल तर वर्ड आणि लिबरऑफिस रायटर (वर्डसारखाच, पण मोफत प्रोग्राम) यांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही. वर्डमध्ये हेडरवर, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीवर, डबल-क्लिक करून ‘डिफरंट फर्स्ट पेज’ला टिक करायची. रायटरमध्ये पेज स्टाइलच्या (पानाच्या मांडणीचा नाव दिलेला संच) हेडर टॅबमध्ये ‘सेम कन्टेन्ट ऑन फर्स्ट पेज’ची टिक काढायची, ही सोय २०१३ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून आहे. वर्डची टिक पटकन सापडते, रायटरची जरा आत दडली आहे. ज्यांचं काम इथेच संपतं त्यांनी सवयीचं असेल ते वापरावं.

खरा फरक मार्जिनपाशी सुरू होतो. समजा, पहिलं पान छापील लेटरहेडवर काढायचं आहे. वरचे ६ सेंटिमीटर आधीच छापलेले आहेत, शिवाय डाव्या कडेला पदाधिकाऱ्यांच्या नावांची उभी पट्टी आहे. दुसरं पान साध्या कागदावर. म्हणजे पहिल्या पानाचं वरचं आणि डावं मार्जिन मोठं हवं आणि पुढे नेहमीचं.

वर्डमध्ये मार्जिन पानाचं नसतं, सेक्शनचं म्हणजे फाइलच्या एका भागाचं असतं. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ हेडर-फूटर बदलतं, मार्जिनला हात लावत नाही. त्यामुळे सरळ मार्ग एकच उरतो: पहिल्या पानानंतर सेक्शन ब्रेक टाकायचा आणि दोन्ही सेक्शनना वेगळी मार्जिन द्यायची. माझा कौल इथेच ठरला. ब्रेक मजकुरातल्या एका जागेला चिकटलेला असतो, पानाच्या तळाला नाही. पहिल्या पानावर दोन ओळी वाढल्या की त्या दुसऱ्या पानावर उतरतात. पण ते पानही अजून पहिल्या सेक्शनचंच असतं. मग वर ६ सेंटिमीटर मोकळे, त्याखाली दोन ओळी आणि उरलेलं पान कोरं. उलट दोन ओळी कमी झाल्या, तर पहिल्या पानाच्या तळाशी तेवढी जागा रिकामी राहते. पान परिच्छेदाच्या मध्येच संपत असेल, तर ब्रेक त्या परिच्छेदाचेच दोन तुकडे करतो.

एकदा लिहून पाठवायच्या पत्राला हे चालून जातं. पण मसुदा तीन जणांच्या हातून फिरत असेल तर प्रत्येक फेरीनंतर ब्रेक पुन्हा सरकवावा लागतो. पान कुठे संपतं हे सांभाळणं प्रोग्रामचं काम आहे, लिहिणाऱ्याचं नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यात नव्या सेक्शनचा हेडर ‘लिंक टू प्रीव्हियस’मुळे आधीच्या सेक्शनशी जोडलेला असतो, तो तोडायचा राहिला तर एकीकडचा बदल दुसरीकडेही दिसतो. आणि ब्रेक पुसला गेला तर त्याच्या आधीचा मजकूर नंतरच्या सेक्शनची मार्जिन घेतो, म्हणजे पहिल्या पानाची सगळी मांडणीच जाते.

वर्डची बाजू घ्यायची तर ब्रेकशिवायही मार्ग आहे, आणि तो चांगला आहे. पहिल्या पानाचा हेडरच उंच करायचा. त्यात एक रिकामा परिच्छेद ठेवून त्याचं ‘स्पेसिंग आफ्टर’ (परिच्छेदाखालची मोकळी जागा) वाढवलं की हेडर मूळ मजकुराला खाली ढकलतो. पहिल्या पानाचा फूटर उंच केला तर तळाशीही तसंच होतं. मात्र वरच्या मार्जिनच्या आकड्यापुढे उणे चिन्ह नको. ते असलं तर वर्ड मार्जिन पक्कं धरतो आणि हेडर मजकुरावर चढतो. तारखेच्या ओळीलाच ‘स्पेसिंग बिफोर’ देणारेही बरेच आहेत, पण ती ओळ पुसली की जागाही गेली, म्हणून हेडर अधिक भरवशाचा. डाव्या पट्टीसाठी पहिल्या पानाच्या हेडरमध्ये रिकामा टेक्स्ट बॉक्स ठेवून त्याला ‘स्क्वेअर’ रॅपिंग द्यायचं, मजकूर त्याला वळसा घालतो. सगळं काम करतं. पण फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की तो रिकामा बॉक्स तिथे कशासाठी आहे हे त्याला कळत नाही, आणि तो पुसून टाकतो.

रायटरमध्ये मार्जिन पेज स्टाइलचं असतं, आणि प्रत्येक पेज स्टाइलला ‘नेक्स्ट स्टाइल’ सांगता येते. ‘फर्स्ट पेज’ नंतर ‘डिफॉल्ट पेज स्टाइल’, एवढं सांगितलं की झालं. पहिलं पान भरेल तिथे भरेल. पुढच्या पानापासून मार्जिन आणि हेडर दोन्ही आपोआप बदलतात. दहा ओळी घाला किंवा काढा, कुठलाही ब्रेक सरकवावा लागत नाही. करायचं इतकंच: एफ११ दाबून स्टाइल उघडायच्या, पेज स्टाइलच्या यादीत जायचं, कर्सर पहिल्या पानावर ठेवून ‘फर्स्ट पेज’वर डबल-क्लिक. माझ्या कामात ही मांडणी एकदा टेम्प्लेटमध्ये बसली, आणि तेव्हापासून पत्र लिहिताना मार्जिनकडे बघावं लागलेलं नाही.

रायटरचीही कटकट आहे. एकाच फाइलमध्ये अनेक पत्रं असतील तर दर पत्राआधी मॅन्युअल ब्रेक टाकून त्यातच ‘फर्स्ट पेज’ आणि पान क्रमांक १ निवडावा लागतो. रायटर विषम क्रमांक उजव्या पानावरच ठेवतो, त्यामुळे एका पानाच्या पत्रानंतर पुन्हा १ आला की मध्ये कोरं पान येतं. ते छापायचं नसेल तर प्रिंटच्या पर्यायांत आपोआप आलेली कोरी पानं छापण्याची टिक काढावी लागते. वर्डची सवय असलेल्याला सुरुवातीला पेज स्टाइल जडही वाटू शकतात, कारण तिथे मार्जिन बदललं की ती स्टाइल असलेली सगळी पानं बदलतात.

सगळ्यात मोठी अडचण फाइलच्या देवाणघेवाणीची. मजकुराबरोबर आपोआप बदलणाऱ्या मार्जिनला डॉक्सएक्समध्ये (वर्डच्या फाइल प्रकारात) जागाच नाही, तिथे मार्जिन सेक्शनलाच बांधलेलं आहे. म्हणून मी मूळ फाइल ओडीटीमध्ये (रायटरच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) ठेवतो आणि बाहेर पीडीएफ पाठवतो. समोरच्याला मसुद्यात दुरुस्त्या करायच्या असतील आणि तो वर्ड वापरत असेल, तर वर्डमध्येच उंच हेडर करून काम करणं बरं. तेव्हा टेक्स्ट बॉक्समध्ये ‘ही जागा लेटरहेडच्या पट्टीसाठी आहे’ असं पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवा. छापताना दिसत नाही, आणि बॉक्समधली अक्षरं निवडून बघणाऱ्याला तो कशासाठी आहे ते कळतं.