जुनी मारुती 800 की नवी हजार सीसी? दारव्ह्याकडच्या रस्त्यांवरचा ॲव्हरेजचा हिशेब

"मॅडम, जुनी 800 स्वस्तात मिळून राहिली, घेऊ का?" हा प्रश्न मला शाळेत, लग्नात, पेट्रोल पंपावर, कुठंही गाठतो. कारण आमच्या दारात दोन्ही पिढ्यांच्या गाड्या उभ्या आहेत आणि दोन्ही मी चालवते. एक 1998 ची मारुती 800, कारबोरेटरवाली (हवा-पेट्रोलचं मिश्रण करायची जुनी पद्धत), मामाजींनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी कापसाच्या पैशातून घेतलेली. दुसरी 2023 नंतरची साधी पेट्रोल हॅचबॅक, हजार सीसी, पाच गिअर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. घर दारव्हा तालुक्यात, दवाखाना आणि मोठा बाजार यवतमाळला, माहेर परतवाड्याला. त्यामुळं डांबरी रस्ता, पांदण आणि घाट, तिन्ही ठिकाणी या गाड्या मी पाहिल्या आहेत.

माझं उत्तर आधी सांगून टाकते. रोजच्या येण्याजाण्यासाठी कारबोरेटरवाली 800 आता घेऊ नका. हे मी तिच्यावर राग धरून लिहीत नाही. गाडी चालवणं मी तिच्यावरच शिकले.

ॲव्हरेज मी टाकी ते टाकी मोजते. एकाच पंपावर नोजल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी तिथंच तशीच भरायची आणि भागाकार करायचा. नव्या गाडीच्या स्क्रीनवर आकडा दिसतो, पण माझ्याकडे तो नेहमी टाकीच्या हिशेबापेक्षा दीड-दोननं फुगलेला निघतो. स्क्रीन पाहून फुशारकी मारणाऱ्यांनी एकदा हा भागाकार करावाच.

800 दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर, कारबोरेटर नुकतंच साफ करून सेट केलेलं असेल तर, लिटरला 16-17 किलोमीटर देते. सेटिंग बिघडलं की 13 वर येते. नवी गाडी त्याच रस्त्यावर हिवाळ्यात एसी बंद ठेवून 21-22 देते. मे महिन्यात एसी पूर्ण सुरू असताना 18 च्या आसपास. म्हणजे नवी गाडी एसी लावून जेवढं देते, तेवढं जुनी खिडक्या उघड्या ठेवूनही देत नाही.

कंपन्यांचे दावे याहून बरेच वरचे असतात. आल्टो के10 च्या मॅन्युअल मॉडेलचा दावा 24.39 आहे, सेलेरिओच्या एका ऑटोमॅटिक मॉडेलचा 26.68. लोक याला फसवणूक म्हणतात, ते मला पटत नाही. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या चक्रानं होते. सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास, कमाल 90, एसी बंद. तिथं खड्डे नाहीत, समोरून येणारा ऊसाचा ट्रॅक्टर नाही, 45 अंशांचं ऊन नाही. दाव्यातून पाचवा हिस्सा कमी करा, आपल्याकडचा आकडा बऱ्यापैकी जुळतो. मग दोन गाड्यांची तुलना करायला तो दावा चांगला उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र 800 बद्दल मानावी लागते. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी बाजारात आली तेव्हा रस्त्यावर अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी होत्या, लोखंडाच्या जड गाड्या. ही 796 सीसीची, तीन सिलिंडरची, वजन साधारण 650 किलो. तिची सगळी काटकसर त्या हलकेपणात आहे. नव्या छोट्या गाड्यांमध्ये एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी व्यवस्था), मजबूत सांगाडा, एसी हे सगळं आलं आणि वजन शंभरेक किलोनं वाढलं. तरीही त्या जास्त ॲव्हरेज देतात, याचं श्रेय इंजिनात पेट्रोल मोजून देणाऱ्या व्यवस्थेला, म्हणजे इंजेक्शनला आहे.

कारबोरेटरला मोजमाप कळत नाही. हवा ओढली जाते, तिच्या जोरानं बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं, बस. थंडीत चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी खिटी) ओढा, इंजिन गरम झालं की आत ढकला. विसरलात तर तेवढा वेळ पेट्रोल वाहत राहतं. फेब्रुवारीनंतर पांदणीवरची काळी माती पिठासारखी उडते आणि एअर फिल्टर भरतो. भरलेला फिल्टर कारबोरेटरच्या गाडीत अर्धवट ओढलेल्या चोकचंच काम करतो. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मागून काळा धूर. नव्या गाडीत आत येणारी हवा सेन्सर मोजतो आणि पेट्रोल तेवढंच कमी सोडतो. गाडीचा दम कमी होतो, पण ॲव्हरेज तसं कोसळत नाही. ज्यांच्या गाडीचा रोजचा रस्ता शेतातून जातो, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता मे महिन्याचं सांगते, कारण तिथंच खरा निकाल लागतो. 800 चा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला, मुठीएवढा, इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा. दुपारी यवतमाळच्या बाजारात गाडी अर्धा तास उभी राहिली की इंजिनाची सगळी धग त्या पंपात आणि नळीत शिरते आणि पेट्रोलची वाफ होते. बोनेट उघडून पेट्रोलच्या पारदर्शक फिल्टरकडे पाहिलं की कळतं. जिथं पेट्रोल भरलेलं दिसायला पाहिजे, तिथं नुसते बुडबुडे फिरत असतात. स्टार्टर फिरतो, गाडी उचलत नाही. मग सुती फडकं पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचं. ठेवल्याबरोबर चर्र आवाज येतो, फडक्यातून वाफ निघते, फडकं सुकतं, पुन्हा भिजवायचं. थोड्या वेळानं बुडबुडे कमी होतात, फिल्टरच्या तळाशी पेट्रोलची रेघ दिसायला लागते आणि हळूहळू वर चढते. रेघ अर्ध्यावर आली की किल्ली फिरवायची. म्हणून आमच्या 800 मध्ये एप्रिल ते जून पाण्याची कॅन आणि फडकं कायम असतं. मामाजींना सोबत घेऊन दवाखान्यात जायचं असतं तेव्हा ही कसरत नको वाटते. नव्या गाड्यांमध्ये पंप विजेवरचा, पेट्रोलच्या टाकीतच बुडालेला असतो आणि नळीत पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळं वाफ धरायला जागाच राहत नाही. या एका कारणासाठीही मी विदर्भात कोणालाही नवी गाडी सुचवीन.

जुन्या गाडीच्या सवयी नवीवर चालत नाहीत, हेही घेणाऱ्यानं समजून घ्यावं. मामाजी उतार दिसला की गाडी न्यूट्रल करतात. 800 मध्ये त्यात थोडी बचत होती, कारण कारबोरेटर गिअरमध्येही पेट्रोल पाजतच राहतं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनाला जाणारं पेट्रोल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन सुरू ठेवायला पेट्रोल लागतं. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाय उचलून उतरते. स्क्रीनवर त्या क्षणाच्या ॲव्हरेजचा आकडा एकदम टोकाला जातो आणि ब्रेकही तापत नाहीत. घाटात न्यूट्रल करणं कोणत्याही गाडीत जिवावरचं काम आहे, ते मात्र दोन्हीकडे सारखं.

पेट्रोल आता इथेनॉलवालं आहे, त्याचा हिशेब वेगळा. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ताकद मुळातच कमी असते, कारण लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी आहे. नव्या गाडीत धुराच्या नळीतला सेन्सर हे ओळखतो आणि मिश्रण जुळवून घेतो. थोडं ॲव्हरेज जातं, गाडी कुरकुर करत नाही. 800 ला ओळखताच येत नाही. ती हिसके देते, सकाळी जास्त चोक मागते. शिवाय तिच्या नळ्या आणि पंपातला रबरी पडदा या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. आमची एक नळी हात लावला तर बोटाला काळं लागेल इतकी मऊ झाली होती. मिस्त्रींनी ती दाखवून म्हटलं, "मॅडम, हे फुटली असती न गरम इंजिनावर, त गाडीच पेटली असती." सगळ्या नळ्या त्याच दिवशी बदलल्या. जुनी गाडी असणाऱ्या प्रत्येकानं हे काम आजच करून घ्यावं.

दुरुस्तीच्या बाबतीत 800 चा हात धरणारी गाडी नाही. गावातला मिस्त्री एका पान्ह्यानं आणि स्क्रू ड्रायव्हरनं तिला मार्गी लावतो, सुटे भाग अजून मिळतात, बॅटरी उतरली तर चार पोरं धक्का मारून सुरू करतात. नव्या गाडीची बॅटरी पार बसली तर धक्का मारून फार उपयोग होत नाही, कारण पंपाला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरलाच वीज लागते. आणि उंदीर! घरात सोयाबीन-तुरीची पोती, बाजूला गाडी. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तेव्हा सर्व्हिस सेंटरनं सरळ पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलायचा खर्च सांगितला. नंतर एका जाणत्या वायरमननं तेवढ्याच तारा जोडून काम भागवलं. धान्याजवळ नवी गाडी उभी करू नका.

कारंजा लाडवरून समृद्धी महामार्गावर 800 नेऊ नका. चार गिअरची गाडी, बारा इंची चाकं, एअरबॅग नाही. 80 ला तिचं इंजिन किंचाळतं. नवी गाडीही तिथं 80-90 वर ठेवली तर 20 देते. 110 ला नेली की 16 वर येते, कारण वेगासोबत वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. टायरची हवा सकाळी, गार असताना, आधी तपासून घ्या.

तरी कोणाचं बजेट तेवढंच असेल आणि 800 च घ्यायची असेल, तर 2000 नंतरची इंजेक्शनवाली बघा. 2014 च्या जानेवारीपर्यंत त्या बनत होत्या, शेवटच्या काळातल्या अजून चांगल्या अवस्थेत सापडतात. 15 वर्षं झाली असतील तर पुन्हा नोंदणी झालेली आहे का, पर्यावरण कर भरलेला आहे का, हे आरसी हातात घेऊन पाहा. पायाखालची मॅट उचला. पत्रा गंजून दाबला जात असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. आणि गाडी पाहायला मे महिन्यात, दुपारी जा. मालकाला अर्धा तास उभी ठेवायला सांगा, मग किल्ली फिरवा.