सोळा वर्षांच्या पोराला लिम्फोमा: केमो मिरजेत की परळला?

ओळखीतल्या दोघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून ठेवतो. माझ्या भाच्याला अकरावीत हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, घर सांगलीत विश्रामबागला, त्यामुळं मिरज आणि परळ, म्हणजे मुंबईचं टाटा हॉस्पिटल, दोन्ही वाटा पायाखालच्या. मी डॉक्टर नाही, जे बघितलं आणि विचारून घेतलं तेच सांगतोय.

आधी बायोप्सीचं. मानेला गाठ, शर्टाचं वरचं बटण लागेना, तर एका डॉक्टरांनी टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि आमचे तीन महिने गेले, पोरगं नुसतं वाळत गेलं. नुसत्या सुईच्या तपासणीवर थांबू नका, गाठ काढून बायोप्सी करा, त्याआधी स्टेरॉइड घेऊ नका, गाठ आक्रसते आणि रिपोर्ट फसतो. हे काम मिरजेतच होतं. फक्त ब्लॉक आणि स्लाइड (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या आणि मोठ्या सेंटरला परत तपासून घ्या.

आता प्रकार कुठला निघाला त्यावर सगळं आहे. बर्किट नावाचा लिम्फोमा असेल तर विचार करत बसू नका, त्याच दिवशी परळला निघा. तो दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो आणि केमो सुरू झाली की पेशी एकदम फुटून किडनीवर येतं, आयसीयू आणि डायलिसिस हाताशीच लागतं. यात केमोच्या जोडीला देतात त्या रिटुक्सिमॅब या औषधाबद्दल नक्की विचारा, २०२० साली आलेल्या अभ्यासात केमोला ते जोडल्यावर तीन वर्षं आजार उलटला नाही अशी मुलं ८२ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर गेली, आणि भारतीय कंपनीचं रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळतंय.

हॉजकिन असेल तर खरा प्रश्न पडतो. मोठ्यांचे डॉक्टर बहुतेक एबीव्हीडी देतात, चार औषधं, पंधरा दिवसांनी एक ड्रिप, सहा सायकल म्हणजे बारा फेऱ्या. मुलांच्या पद्धतीत औषधं वेगळी, दोन सायकल झाल्या की पेट स्कॅन (आजार कुठं उरलाय ते दाखवणारा) आणि गाठी नीट विरघळल्या असतील तर रेडिएशन टाळता येतं. सोळाव्या वर्षी छातीला दिलेलं रेडिएशन पुढं हृदयाला नडतं, मुलींना स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून कुठंही घ्या पण "मधल्या पेटवर काय ठरणार?" हे विचाराच. ब्रेंटुक्सिमॅब (२०२२ चा अभ्यास, तीन वर्षं आजार न उलटलेली मुलं ९२ टक्के, ते न घेणाऱ्यांत ८२.५) आणि निवोलुमॅब (२०२४, बारा वर्षांपुढच्या ९७० जणांत, रेडिएशन जवळजवळ कुणालाच लागलं नाही) ही नवी औषधं खरंच चांगली आहेत पण महाग, त्यांच्यासाठी रान विकू नका असं मी म्हणेन, जुन्या औषधांवरही बहुतेक पोरं बरी होतात. ट्रायल किंवा मदत आहे का ते मात्र परळला विचारा. आणि पाहुणे व्हॉट्सॲपवर पाठवतात ती आयआयटी-टाटांची कार-टी (पेशंटच्याच पेशी बदलून परत देतात ती) हॉजकिनसाठी नाही, बी-सेल या पांढऱ्या पेशींचे काही कॅन्सर उलटले तर आहे.

प्रवासाचं सांगतो. महालक्ष्मीनं रात्री मिरजेतून बसलं की सकाळी दादर, डॉक्टरांचा फॉर्म भरून नेला तर पेशंटचं स्लीपरचं तिकीट माफ, राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पण ड्रिपनंतर परत येताना मळमळ, सलाईनच्या हाताची शीर ठणकतेय आणि गाडीत झोप नाही, हे बारा वेळा करायचं का? शिवाय केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला की तासाभरात ॲन्टिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे, रात्री दोनला आम्हाला मिरज वीस मिनिटांवर होती म्हणून निभावलं.

म्हणून आम्ही मधला मार्ग धरला: प्रोटोकॉल (कुठलं औषध कधी द्यायचं ते) आणि पेट परळला, ड्रिप मिरजेत, दोन्ही डॉक्टर फोनवर. केमोतलं लाल औषध गेलं की लघवी लाल होते हे आधी कळलं असतं तर ताई त्या दिवशी एवढी रडली नसती. केमोतल्याच डाकार्बाझिन या औषधाच्या बाटलीला काळा कागद गुंडाळलेला असतो, तो उजेडासाठी, तो कुणी काढू देऊ नका.

एक काम मात्र पहिल्या ड्रिपच्या आधीच करा. मुलगा वयात आला असेल तर पुढं मूल व्हावं म्हणून वीर्य साठवून ठेवायची सोय विचारा. लाजेपोटी घरात कुणी बोलत नाही, भाच्याला मीच चहाच्या टपरीवर नेऊन सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "मामा, पप्पांना नको सांगू." आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन आलो.